पडायला शिकण्याची खोली

कुणी पाठीमागे येऊन उभं राहिलं की बाबांना घाम सुटायचा. हे आमच्या घरात तिघांनाच माहीत होतं: बाबांना, आईला आणि मला. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर त्यामुळे काही अडलं नसतं. पण बाबा देवळीच्या रस्त्यावरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनातल्या कामगार युनियनचे अध्यक्ष होते, आणि अध्यक्षाचं कामच मुळी माणसं मागे घेऊन उभं राहण्याचं.

आदल्या हंगामाच्या शेवटी फाटकावर सभा चालू असताना कुणीतरी मागून त्यांच्या मानेवर लोखंडी पट्टी मारली. रुईच्या गठाणीला बांधतात ती पट्टी. मारणारा सापडला नाही. मागे उभी होती ती सगळी युनियनचीच माणसं. म्हणजे मारणारा त्यांच्यातलाच होता, नाहीतर त्यांच्यातल्या कुणीतरी त्याला वाट करून दिली होती. जखम भरली. पण त्यानंतर बाबा न्हाव्याकडे गेले नाहीत. आई घरीच त्यांचे केस कापायची, तेही समोर बसून, त्यामुळे मागचे केस नेहमी वाकडेतिकडे राहायचे. एसटीत ते शेवटच्या बाकावर बसायचे. जेवायला बसताना भिंत शोधायचे.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी कॉलेजात होते. आमच्या घरात पुस्तकं फार नव्हती, पत्रकं होती. फळीवर अंथरलेली, पेटीत भरलेली, उरलेल्या गठ्ठ्यांची उशी केलेली. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले, आणि पुढे बाबांच्या युनियनची पत्रकं मीच लिहायला लागले. त्या पत्रकांत भीती हा शब्द फक्त शेठसाठी वापरला जायचा. शेठ घाबरला आहे, मालकवर्ग घाबरला आहे. आपल्या बाजूचं कुणी घाबरलं तर काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं.

जिन दसऱ्यानंतर सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी यंत्राची पूजा होण्याआधी हमाल, गठाणी बांधणारे आणि टोपल्या वाहणाऱ्या रेजा असे सगळे फाटकाबाहेर थांबत. अध्यक्ष एकटा पुढे, फाटकाकडे तोंड करून. आतून शेठ यायचा, हंगामाचा दर ठरायचा, आणि मग अध्यक्ष पहिला आत जायचा व त्याच्या मागून बाकीचे. मागे वळून पाहू नये असा काही नियम नव्हता. पण आपल्याच माणसांकडे दचकून वळून बघणारा अध्यक्ष कोण मानेल? शेठनं स्वतःची एक युनियन उभी केली होती. तिचा पुढारी एक तरणाताठा मुकादम होता. बाबांच्या जागी तो पुढे झाला असता तर शेठ म्हणेल तो दर घेऊन सगळ्यांना हंगाम काढावा लागला असता.

आई त्याच जिनात रेजा होती. ती एकदा स्पष्टच म्हणाली, "तुमी तिथं उभे राह्यले अन् मांगं पाह्यलं, का संपलं सारं."

"मले समजत नाई का?" बाबा म्हणाले. त्यांची पाठ तेव्हाही भिंतीला होती.

युनियनचे खटले लढवणाऱ्या वकीलसाहेबांनी ते ओळखलं असावं. बाबा त्यांच्याकडे गेले की खुर्ची सरकवून कपाटाला टेकवायचे. त्यांनीच सांगितलं की सावंगीच्या बाजूला एक गृहस्थ आहेत, हातकागद करतात, आणि घरी जपानी कुस्तीसारखं काहीतरी शिकवतात. एका वेळी एकालाच शिकवतात, आणि तेही ज्याच्या हाताखाली किंवा पाठीशी माणसं आहेत अशालाच. एक हेडमास्तर जातात, एक साहेब जातात.

"फक्त पुढाऱ्याइलेच?" बाबा म्हणाले. "भाषन शिकवते काय?"

"पडायला शिकवतात."

"ते त मले येते, साहेब. ग्रामपंचायतीत दोन डाव पडलो."

हसले, पण गेले. सायकलवर मला मागच्या कॅरिअरवर बसवायचं म्हटलं तर त्यांच्या पाठीमागे मी आले असते. म्हणून सायकल मी चालवली आणि अध्यक्ष मागे बसले.

कागदवाले काका तरुणपणी गावातल्या एका संस्थेकडून कागद शिकायला जपानला गेले होते. ज्यांच्या घरी राहिले तिथले म्हातारे गृहस्थ गावच्या मुखियाला आणि आग विझवणाऱ्यांच्या नायकाला ही विद्या एकेकट्याला द्यायचे. काकांनाही थोडी दिली. परत आल्यावर काकांनी कागद वाळवायच्या लांबट खोलीत भाताच्या तणसाच्या गाद्या केल्या, वर ताडपत्री ताणली, आणि तिथे शिकवायला लागले. अहिंसेचं नाव घेतल्याशिवाय चहाही न पिणाऱ्या आमच्या गावात याचा बोभाटा व्हायला हवा होता. झाला नाही, कारण जाणारे सगळे प्रतिष्ठित, आणि प्रतिष्ठित माणसं आपण पडतो हे सांगत फिरत नाहीत.

पहिल्याच सकाळी खटका उडाला. काका म्हणाले, आत पाऊल टाकताना कमरेतून वाकायचं, आणि प्रत्येक वेळी पडून उठलं की समोरच्याला वाकायचं.

"आमी वाकत नाई कोनापुढं," बाबा म्हणाले. "दीक्षा घेतली तवापासून नाई."

"दीक्षा बुद्धाची ना? ही विद्या पण बुद्धाला मानणाऱ्याच देशातली म्हणा."

"आमचा बुद्ध कोनाले पाडत नाई."

काका हसले. "माझ्यासमोर वाकू नका हो. जमिनीसमोर वाका. मार तीच देणार आहे." बाबांनी खाली जमिनीकडे पाहिलं, आणि ते वाकले. मी त्यांना पहिल्यांदाच कुणापुढे तरी वाकलेलं पाहिलं, आणि मला ते आवडलं नाही.

मग काकांनी त्यांची खरी अट सांगितली. शिकणाऱ्यानं आपला एक माणूस बरोबर आणायचा, हाताखालचा, मागे उभा राहणारा. पाडण्याचं काम त्या माणसाचं. हेडमास्तर शाळेचा शिपाई आणतात. शिकणारा स्वतः कितीतरी दिवस कुणाला पाडत नाही, फक्त पडतो.

"तुम्हाला परक्या माणसाचं भय नाही," काका बाबांना म्हणाले. "आपल्या माणसाचं आहे. तर तोच आणा."

"आनला," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही फाटकावर तुमच्या मागे उभी असते?"

"असते."

हे खरंच होतं. पण काकांना जे हवं होतं ते हे नव्हतं, आणि बाबांना ते कळत होतं. एखाद्या हमालाला आणलं असतं तर अध्यक्ष भितात हे त्याला समजलं असतं.

पावसाळा लागल्यापासून आम्ही रोज जायला लागलो. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, आणि अंग जमिनीला लागायच्या क्षणी हात सपाट पसरून जोरात आपटायचा, म्हणजे मार हातावर वाटला जातो. धप्प असा आवाज यायचा. समोरून ढकललं तर बाबा लवकरच नीट पडायला लागले. मागून मात्र नाही. मी मागे जाऊन त्यांची कॉलर धरली की त्यांचे खांदे दगडासारखे व्हायचे, आणि ते पडताना माझं मनगट पकडायचे. सोडायचेच नाहीत. मग आम्ही दोघंही कसेतरी आडवे व्हायचो, कधी मी खाली, कधी ते. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ असायचे. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, मी सांगायचे हापसा मारताना लागलं.

"सोडा त्याले, बाबा," मी म्हणायचे.

"सुटत नाई वं."

काका कोपऱ्यात बसून असायचे. ते ओरडत नसत, धीरही देत नसत. फक्त म्हणत, "फिर से."

भादव्यात जिन झाडायला, यंत्रं पुसायला बायांना बोलावलं जायचं. तिथून एक दिवस आई हसत घरी आली. शेठचा दिवाणजी, म्हणजे पेढीवरचा जुना कारकून, बायांना गंमत सांगत होता. शेठ हल्ली सकाळी तणसाच्या गादीवर लोळतो आणि जमिनीला चापट्या मारतो. अन् पाडतो कोण, तर हाच दिवाणजी. "मालकाले पाडाचा पगार भेटते मले," असं तो म्हणाला होता. शेठ कसा पडतो ते त्यानं सरकीच्या ढिगावर पडून, हात आपटून दाखवलं. बाया पोट धरून हसल्या. मग सगळ्या जिनात ते सुरू झालं. कुणाच्या हातून टोपली पडली तरी दुसरी हात आपटून धप्प आवाज काढायची आणि म्हणायची, "शेठ पडला वं."

आई सांगता सांगता थांबली. बाबा हसत नव्हते. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच काकांकडे गेले. ते कागदाच्या हौदात हात घालून उभे होते.

"तुम्ही शेठलाही शिकवता?"

"शिकवतो."

"त्यांनी आमच्या माणसांचं काय केलंय ते तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे. पडता दोघांनाही येत नाही, बेटी."

"तो पडावा म्हणून आम्ही जन्म घालवतोय, आणि तुम्ही पडल्यावर त्याला लागू नये याची सोय करताय."

"हे चांगलं बोललीस. पत्रकात घाल."

"घालीनच."

त्यांनी हात पुसले. "शेठनं आपला दिवाणजी आणला. तो बाहेर चेष्टा करणार हे त्याला कळत नसेल? तरी आणला. तुझ्या बाबांना सांग, अजून वेळ आहे. फाटकावरचा एक माणूस घेऊन या. फार भरवशाचा नसला तरी चालेल."

मी तो निरोप बाबांना दिला, आणि वर माझं स्वतःचंही सांगितलं, की जिथे शेठ लोळतो त्या गादीवर मी पाऊल ठेवणार नाही. बाबांनी निरोपाचंच उत्तर दिलं. "एका हमालाले समजलं म्हनजे साऱ्याइले समजलं. कोनी नाई आनत मी."

त्यानंतर मी गेले नाही. बाबा रोज पहाटे उठून सायकल पुसायचे आणि अंगणात थांबायचे. मी पांघरूण घेऊन पडून राहायचे. मी तेव्हा जे म्हणत होते ते मी आजही म्हणते. मालक आणि मजूर एकाच खोलीत बसून दुबळेपणा वाटून घेऊ शकतात, ही कल्पना मला आजही खोटी वाटते. खोलीबाहेर पडल्यावर एक जिनाच्या आत जातो आणि एक बाहेर थांबतो.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा बाबा माझ्या उशाशी येऊन बसले. भिंतीला पाठ न लावता, खोलीच्या मधोमध.

"मी तुले कदी काई मांगतलं नाई," ते म्हणाले. "तुह्यी तत्त्वं खरी हायेत. मीच शिकवली. पन मले तिथं उभं राहा लागते. मी रोज स्वप्नात मांगं पाह्यतो. एक डाव पाड मले नीट. मंग नको येजो."

त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी उठले.

त्या सकाळी ते पडले. मी मागून कॉलर ओढली, मनगट आवळलं जाईल म्हणून ओठ चावून उभी राहिले, आणि कुणी पकडलंच नाही. धप्प आवाज झाला, बाबा पाठीवर होते, आणि लगेच उठून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढे बघूनच ते काकांना वाकले, मग माझ्याकडे वळून मला वाकले. पुन्हा करायला लावलं. पुन्हा नीट. दसऱ्यापर्यंत रोज केलं. अंगाला लागलेली सवय होती ती आता. पडणं, उठणं, वाकणं.

हंगामाच्या दिवशी फाटकाबाहेर नेहमीपेक्षा गर्दी होती. मुकादम आपल्या माणसांसह डाव्या हाताला. आई बायांमध्ये. मी बाबांच्या मागे, पहिल्या ओळीत. ते फाटकाकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या सदऱ्याची पाठ मी एकटक बघत होते. ती कोरडी होती. मागे कुणी खोकलं, कुणी सायकल आपटली, ते हलले नाहीत. मला रडू येईल असं वाटलं.

शेठ आतून आला, मागे दिवाणजी. बाबांनी दर सांगितला. शेठनं नाही म्हणून मान हलवली. बाबांनी पुन्हा तोच सांगितला, आणि मागून माणसांनी "बराबर" म्हणून आवाज दिला. तेवढ्यात डावीकडून एक जण घुसला, मला बाजूला सारलं, आणि बाबांची कॉलर धरून मागे ओढली.

बाबा पडले. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात सपाट. धप्प. कुणाला काही कळायच्या आत ओढणारा गर्दीत शिरला होता आणि बाबा उभे होते, फाटकाकडेच तोंड करून, अंगावर ओरखडाही नाही. मला एक क्षण वाटलं की आपण जिंकलो.

मग बायांमधली एक म्हणाली, "आवं माय, हा त शेठवानी पडला."

हसू फुटलं. त्यात आकस नव्हता. महिनाभर जिनात चाललेली तीच गंमत होती, तिला आता कुणीतरी खराच पडणारा मिळाला होता. आई हसली नाही. शेठही नाही. शेठ बाबांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं दिसत होतं, दुसरं काही नाही. दूरच्या गावी आपल्या गावचा माणूस भेटावा तसं. आणि तो कमरेतून थोडासा वाकला.

त्यात डाव होता असं मला आजही म्हणता येत नाही, आणि मला तसं म्हणायला फार आवडलं असतं.

बाबांना विचार करायला वेळ नव्हता. पडणं झालं, उठणं झालं, समोरचा वाकला. बाबा वाकले.

हसू थांबलं. जो माणूस कुणापुढे वाकत नाही म्हणून या लोकांनी त्याला अध्यक्ष केलं होतं तो भर फाटकात शेठपुढे वाकला होता. तेही आधी ठरवल्यासारखं, रोजच्या सवयीनं. मागे कुणीतरी हळू म्हणालं, "सावंगीकडं रोज सायकल जाये, मी पाह्यली." दुसरा म्हणाला, "दोघाइचा उस्ताद एकच दिसते गा." मुकादमाला ओरडावंही लागलं नाही. तो चालत पुढे आला, बाबांच्या बाजूला उभा राहिला आणि शेठला म्हणाला, "बोला, शेठजी. काय दर म्हनता?"

बाबा वळले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आपल्या माणसांकडे मागे वळून पाहिलं. "आयका, मी सांगतो तुमाले," ते म्हणाले. मी मनात म्हणत होते, सांगा, आत्ता सांगा. मान तुटली असती तेव्हा, त्याची भीती बसली, ती घालवायला गेलो, बस्स. एका वाक्याचं काम होतं. बाबांनी समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

दर ठरला. मुकादम पहिला आत गेला. मग बाकीचे, बाबांच्या दोन्ही बाजूंनी, त्यांना धक्का न लावता. आई टोपली घेऊन शेवटी राहिली होती. "जाय तू," बाबा तिला म्हणाले. घरात कुणीतरी कमावणं भाग होतं. ती गेली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या केसांत रुई अडकलेली होती. मी तोवर पत्रक लिहून ठेवलं होतं. सगळं लिहिलं होतं, लोखंडी पट्टीपासून वाकण्यापर्यंत. बाबांनी वाचलं, घडी केली आणि मांडीखाली ठेवलं.

"हे नाई छापाचं."

"काऊन? ते तुम्हाला विकला गेलेला म्हणून राह्यले. सगळ्या गावात."

"म्हनू दे. गद्दार म्हनू दे. भेकड नाई म्हनू द्याचं मले."

"पण तुम्ही गद्दार नाही."

"भेकड त होतो," ते म्हणाले.

आई केसांतली रुई काढत बसली होती. ती आमच्या दोघांकडे न बघता म्हणाली, "तुमचं झालं बोलनं. मी उद्या त्या फाटकातून कोन म्हनून जाऊ, ते सांगा. आज कोनी मले पानी बी नाई देल्लं. भेल्या मानसाची बायको म्हनून मी खुशाल जाईन. भेते सारेच. तिथं मशिनीखाली हात घालतानी मी रोज भेतो. पन विकल्या गेलेल्याची म्हनून मले जावत नाई."

बाबांनी पत्रक दिलं नाही. आई तो सगळा हंगाम तशीच जात राहिली. जेवायच्या सुट्टीत बाया गोल करून बसायच्या, ती सरकीच्या ढिगाआड एकटी भाकर खायची. युनियनचा फलक उतरला. बाबा पुढे एका लाकडाच्या वखारीत लागले. तिथे त्यांच्या हाताखाली कुणी नव्हतं.

आता मी हे लिहिलं आहे आणि छापायला देते आहे. आधी आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "दे." बाबांना मी विचारलं नाही.